लाखाची कार्बन चाकं घ्यावीत का? खरेदीच्या प्रश्नातून रिसर्च क्वेश्चन काढताना

पीएचडीची तयारी करणाऱ्यांचं एक दुखणं ठरलेलं असतं: विषय सापडतो, पण प्रश्न सापडत नाही. 'मला अमुक विषयात काम करायचंय' इथपर्यंत गाडी येते आणि पुढे अडते. म्हणून आज एक असा प्रश्न घेऊ, जो सायकलवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी येतो आणि ज्यावर भांडण होऊनही काही निष्पन्न होत नाही. प्रश्न असा: महागडी कार्बन चाकं पैसे वसूल करतात का?

उदाहरणासाठी रस्ते घेऊ शहापूर-मुरबाडचे, कारण सायकलसाठी लागणारं सगळं वैविध्य या दोन तालुक्यांत मिळतं. मुंबई-नाशिक महामार्गावर रविवारी पहाटे आसनगाव, शहापूर, खर्डी करत कसाऱ्याकडे जाणारे सायकलस्वार दिसतात. दुसरीकडे कल्याणहून मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता. दोन्हीकडे आधी सपाट आणि चढ-उताराचा लांब पट्टा, मग घाट. ट्रक, खड्डे, पावसाळ्यात धुकं आणि वारा, सगळं आहे. (समृद्धी महामार्गही शहापूर तालुक्यातून जातो, पण त्यावर सायकलला प्रवेश नाही. तो विषय सोडून द्या.)

आधी प्रश्न नीट मांडू

'चाकं चांगली आहेत का?' हा प्रश्न मोजता येत नाही. 'चांगली' म्हणजे काय? हलकी, वेगवान की टिकाऊ? कोणासाठी? किती वेगाला? कशाच्या तुलनेत? या प्रत्येक जागी एकेक शब्द बसवत गेलं की प्रश्न हळूहळू रिसर्चचा होतो.

त्यासाठी दोन काल्पनिक माणसं समोर ठेवू.

पहिला, मुरबाडजवळच्या गावातला बारावीचा मुलगा. घरी भातशेती. राज्य निवड चाचणीत ४० किलोमीटरची टाइम ट्रायल द्यायची आहे आणि तो सपाटीवर ताशी ४० किलोमीटरचा वेग धरू शकतो. कोणीतरी त्याला सांगितलंय, 'कार्बन चाकांशिवाय सिलेक्शन होत नाही.' चाकं घ्यायची तर घरच्यांना कर्ज काढावं लागेल.

दुसऱ्या, शहापूरच्या एक शिक्षिका. सुट्टीत बीआरएम राइड करतात, सरासरी वेग ताशी २५. बीआरएममध्ये २०० किलोमीटरला साडेतेरा तासांची मुदत असते. ही शर्यत नाही, वेळेत पूर्ण करणं एवढंच ध्येय.

दोघांसाठी हिशेब एकच धरू: माणूस ६५ किलो, सायकल-कपडे-पाणी मिळून ११ किलो, एकूण ७६ किलो. चाकांची किंमत समजा १ लाख रुपये. बाजारात यापेक्षा स्वस्तही मिळतात आणि बऱ्याच महागही, पण हिशेबाला गोल आकडा बरा.

शक्ती जाते कुठे?

सायकल चालवताना आपण तीन गोष्टींशी झगडतो: चढावर गुरुत्वाकर्षण, रस्त्यावर टायरचं घर्षण आणि समोरून येणारी हवा. १९९८ मध्ये जेम्स मार्टिन आणि सहकाऱ्यांनी या सगळ्यांचं एक गणिती मॉडेल मांडलं आणि सायकलवर पॉवर मीटर लावून ते रस्त्यावर तपासलं. मोजलेल्या पॉवरमधला जवळपास ९७ टक्के फरक त्या मॉडेलने पकडला. खालचे आकडे त्याच प्रकारच्या हिशेबाने काढलेत, कागद-पेन घेऊन तुम्हीही काढू शकता.

वजन: घाटात किती फायदा?

कार्बन चाकांची पहिली जाहिरात वजनाची असते. समजा जोडीमागे ४०० ग्रॅम वाचले. कसाऱ्याहून इगतपुरी सुमारे ३०० मीटर उंच आहे. हा तोच चढ, जिथे १:३७ चा उतार असल्यामुळे रेल्वेला कसाऱ्याला मागून जादा 'बँकर' इंजिनं लावावी लागतात. आता ४०० ग्रॅम ३०० मीटर वर न्यायला ऊर्जा किती?

०.४ × ९.८ × ३०० = सुमारे १,१७६ ज्यूल.

२०० वॅटने पेडल मारणाऱ्याला तेवढी ऊर्जा द्यायला लागतात ६ सेकंद. घाट चढायला याच माणसाला वीस-बावीस मिनिटं लागतील, त्यातले हे ६ सेकंद. अर्धा लिटर पाण्याची बाटली यापेक्षा जड असते. म्हणजे घाटाच्या पायथ्याशी पाणी ओतून देऊन बाटली रिकामी केली, तर फायदा जवळपास तेवढाच.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, 'अहो, पण फिरणाऱ्या वस्तूचं वजन दहापट मोजतात!' हे तपासू. रिमवरचा एक ग्रॅम सायकलबरोबर पुढेही जातो आणि गोलही फिरतो, त्यामुळे त्याची गतिज ऊर्जा साध्या ग्रॅमच्या दुप्पट असते. जास्तीत जास्त दुप्पट, दहापट नाही. शिवाय हे फक्त वेग वाढवताना लागू होतं. ४०० ग्रॅमला ताशी ३६ च्या वेगाला आणायला साधारण ४० ज्यूल लागतात, म्हणजे २०० वॅटला ०.२ सेकंद. ट्रॅकवरच्या स्प्रिंटमध्ये यावर बोलता येईल. शहापूर ते कसारा रस्त्यावर नाही.

व्यावसायिक शर्यतींत सायकलचं किमान वजन ६.८ किलो असावं, असा यूसीआयचा नियम २००० सालापासून आहे. त्यामुळे वरच्या पातळीवर वजन एका मर्यादेपलीकडे घटवताच येत नाही आणि झुंज हवेशी उरते.

हवा: इथे खरी गंमत आहे

हवेला तोंड द्यायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट, तर पॉवर आठपट. उंच रिमची कार्बन चाकं हवेचा अडथळा थोडा कमी करतात. हा अडथळा 'सीडीए' या आकड्याने मोजतात. साध्या बसकणीत तो ०.३२ चौरस मीटरच्या आसपास धरू. चाकांमुळे त्यातले ०.०१ कमी झाले असं मानू. हा अंदाज मुद्दाम चाकांच्या बाजूने उदार ठेवलाय. मग वाचलेली पॉवर अशी:

ताशी १५ (घाटात): ०.४ वॅट
ताशी २५: १.९ वॅट
ताशी ३०: ३.३ वॅट
ताशी ४०: ७.९ वॅट
ताशी ४८: १३.६ वॅट

शेवटची ओळ मुद्दाम दिलीय. चाकांच्या अनेक विंड टनेल चाचण्या ताशी ४५ ते ४८ च्या वेगाला होतात आणि जाहिरातीत तोच आकडा येतो. आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या वेगाचा नसतो. पेपर वाचतानाही ही सवय लावून घ्या: निष्कर्ष बघण्याआधी तो कोणत्या परिस्थितीत काढलाय ते बघा.

मग बाईंना १.९ वॅट आणि मुलाला ७.९, म्हणजे चाकं फक्त वेगवान माणसासाठीच? थांबा. आता वॅटऐवजी वेळेत मोजू.

४० किलोमीटर सपाट अंतरावर मुलाचा वेग सुमारे १ टक्क्याने वाढतो. त्याला ६० मिनिटं लागत होती, त्यातले ३५ सेकंद वाचतात. बाईंचा वेग ०.९ टक्क्याने वाढतो, पण त्यांना ९६ मिनिटं लागत होती. त्यामुळे त्यांचे वाचतात ५१ सेकंद. संथ माणसाचे सेकंद जास्त वाचले!

दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. वॅटमध्ये मोजलं तर फायदा मुलाला, सेकंदात मोजलं तर बाईंना. तुमच्या रिसर्चमध्येही 'आउटकम' कोणता घेता यावर निष्कर्षाची दिशा फिरू शकते. म्हणून तो डेटा यायच्या आधी ठरवायचा आणि लिहून ठेवायचा. डेटा बघून सोयीचा आउटकम निवडणं म्हणजे बाण मारून मग त्याभोवती वर्तुळ काढणं.

आता सेकंदांना अर्थ द्यायचा. निवड चाचणीत ३५ सेकंदांनी दोन-तीन क्रमांक सहज बदलू शकतात. बाईंचे २०० किलोमीटरमध्ये जेमतेम सव्वाचार मिनिटं वाचतील, आणि मुदत साडेतेरा तासांची आहे. खर्डीला चहा-वडापावसाठी थांबल्या तर पंधरा मिनिटं सहज जातात. म्हणजे जास्त सेकंद वाचूनही बाईंना त्यांचा उपयोग शून्य. 'फरक आहे का?' आणि 'फरक कामाचा आहे का?' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. थीसिसच्या तोंडी परीक्षेत दुसरा प्रश्न नक्की विचारला जातो.

कशाच्या तुलनेत?

मुलासाठी ३५ सेकंद मोलाचे आहेत हे मान्य केलं. पण ते सेकंद दुसरीकडून स्वस्तात मिळतात का?

टायर घेऊ. साध्या टायरचा घर्षणाचा गुणांक ०.००६ आणि चांगल्या टायर-ट्यूबचा ०.००४ धरला, तर ७६ किलोला सुमारे दीड न्यूटन बल वाचतं. ताशी ४० ला ते होतात १६.६ वॅट, ताशी २५ ला १०.३ वॅट. म्हणजे दोघांनाही चाकांपेक्षा जास्त. टायर-ट्यूबची जोडी समजा १० हजारांना पडली, तर मुलाला एक वॅट सुमारे ६०० रुपयांना मिळतो. चाकांतून तोच वॅट पडतो साडेबारा हजारांना. वीसपटीहून जास्त फरक.

आता बसकण. हवेच्या एकूण अडथळ्यातला मोठा वाटा सायकलचा नसून आपल्या शरीराचा असतो. कोपर वाकवून, डोकं खाली घेऊन सीडीए ०.०३ ने कमी करता आला, तर फायदा चाकांच्या तिप्पट आणि खर्च शून्य. अर्थात ती बसकण तासभर टिकवायला सराव लागतो, तो काही फुकट नाही.

याचं गाजलेलं उदाहरण १९८९ च्या तूर द फ्रान्सचं. शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती. ग्रेग लेमाँडने पुढे झुकून हात जवळ आणणारे एरोबार लावले होते. लॉरां फिन्याँने ते लावले नव्हते, डोक्यावर हेल्मेटही नव्हतं. लेमाँड ५० सेकंदांनी मागे होता. त्याने ५८ सेकंद भरून काढले आणि तीन आठवड्यांची शर्यत ८ सेकंदांनी जिंकली. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, 'बघा, एरोबारमुळे जिंकला.' रिसर्च करणाऱ्याने इथे जरा सावध व्हायचं. एकच दिवस, दोनच माणसं, दोघांची तब्येत वेगळी. एरोबारचा फायदा मॉडेलमधून आणि प्रयोगांतून सिद्ध होतो, या एका किश्श्यातून नाही. किस्सा प्रश्न सुचवायला चांगला, पुरावा म्हणून कच्चा.

आणखी एक गोष्ट: घोळक्यातली शर्यत असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. बर्ट ब्लॉकन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १२१ सायकलस्वारांच्या घोळक्याचा कॉम्प्युटर आणि विंड टनेल वापरून अभ्यास केला. आत दडलेल्या स्वाराला एकट्याच्या तुलनेत फक्त ५ ते १० टक्के हवेचा अडथळा लागतो, असं त्यात दिसलं. जिथे अडथळाच इतका कमी, तिथे चाकांनी वाचवायचं काय? घोळक्यात योग्य जागा धरता येणं हे चाकांपेक्षा फार मोठं कौशल्य आहे.

स्वतः मोजायचं ठरवलं तर?

'मी स्वतः फरक अनुभवलाय' असं म्हणणारे भरपूर भेटतात. ते खोटं बोलत नसतात. पण नवीन चाकं घेताना बहुतेक लोक त्यावर नवीन, रुंद टायरही चढवतात. मग वेग वाढला तो चाकांमुळे की टायरमुळे? दोन गोष्टी एकदम बदलल्या की उत्तर मिळत नाही. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात. तुलना करायची तर दोन्ही चाकांवर तेच टायर, तेवढीच हवा.

आणि वारा? हे गणित करून बघा. ताशी ४० ला जाताना समोरून सेकंदाला फक्त १ मीटर वारा आला, म्हणजे झाडाचं पान जेमतेम हलेल इतका, तर जादा पॉवर लागते सुमारे ४७ वॅट. चाकांचा फायदा ८ वॅटचा. म्हणजे न जाणवणाऱ्या झुळकेचा परिणाम चाकांच्या सहापट! सोमवारी जुन्या चाकांवर आणि मंगळवारी नव्या चाकांवर फेरी मारून केलेली तुलना खरं तर सोमवार-मंगळवारच्या हवेची तुलना असते.

उपाय आहेत. एकाच सकाळी, वारा पडलेला असताना, त्याच पट्ट्यावर जाऊन-येऊन फेऱ्या करा. तोच वेग ठेवून जाता-येताची सरासरी घेतली की त्या ४७ वॅटमधले जेमतेम २ उरतात, पण वारा तसाच राहिला तरच. चाकांचा क्रम जुनं-नवं-नवं-जुनं असा ठेवा, म्हणजे दमल्याचा आणि तापलेल्या हवेचा परिणाम दोघांत वाटला जाईल. उंच रिम दिसते आणि वेगळा आवाजही करते, त्यामुळे स्वाराला अंधारात ठेवता येत नाही. नवी चाकं दिसली की माणूस जोर लावतोच. म्हणून 'किती वेळ लागला' हे न मोजता पॉवर मीटर लावून 'ठरलेल्या वेगाला किती पॉवर लागली' ते मोजायचं.

किती फेऱ्या लागतील? समजा एवढी काळजी घेऊनही प्रत्येक फेरीचा आकडा ६ वॅटने वरखाली होतो (स्टँडर्ड डेव्हिएशन ६). ७.९ वॅटचा फरक दोन स्टँडर्ड एररच्या बाहेर यायला प्रत्येक चाकावर किमान ५ फेऱ्या लागतात. १.९ वॅटच्या फरकाला? ८०. फरक एक चतुर्थांश झाला की फेऱ्या सोळापट होतात. आणि हा अगदी किमान आकडा आहे, खात्रीने पकडायचं तर दुप्पट धरा. म्हणजे बाईंनी ताशी २५ ने जाऊन चाकांचा फरक सिद्ध करायचा म्हटलं, तर शाळेची आख्खी मे महिन्याची सुट्टी जाईल. सॅम्पल साइज हा सुपरवायझरला विचारून लिहायचा आकडा नाही, तो असा निघतो.

मॉडेलमध्ये न बसलेल्या गोष्टी

आतापर्यंत आपण रस्ता गुळगुळीत धरला. पावसाळ्यानंतर या भागात सायकल चालवलेल्या कोणालाही यावर हसू येईल. खड्ड्यात अॅल्युमिनियमची रिम वाकते आणि बऱ्याचदा सरळ करून चालते. कार्बनची रिम तडकली तर बहुतेक वेळा बदलावीच लागते. वर्षभरात रिम जोडी निकामी होण्याची शक्यता समजा १० टक्के धरली, तर दर वर्षी १० हजार रुपयांचा अदृश्य खर्च किमतीत मिळवावा लागेल.

उतारावर आणखी एक मुद्दा. जुन्या पद्धतीच्या, रिमवर घासणाऱ्या ब्रेकची सायकल असेल तर माळशेजच्या उतारावर सतत ब्रेक दाबून कार्बन रिम तापते. कार्बन उष्णता बाहेर टाकण्यात अॅल्युमिनियमपेक्षा मागे आहे आणि आतलं रेझिन एका तापमानानंतर मऊ पडतं. पावसात असे ब्रेक उशिरा लागतात ते वेगळंच. डिस्क ब्रेक असेल तर ही अडचण नाही. उंच रिमला बाजूचा वाराही जास्त ढकलतो. घाटाच्या वळणावर किंवा शेजारून ट्रक गेल्यावर हलक्या अंगाच्या स्वाराला ते चांगलंच जाणवतं.

लांब पल्ल्याचं बघायचं तर नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. २०१५ मध्ये दोघांच्या संघाने 'रेस अॅक्रॉस अमेरिका' नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. सुमारे ४,८०० किलोमीटर, म्हणजे रात्रंदिवस धरून सरासरी ताशी २३ च्या आसपास. अशा शर्यतीत झोप, खाणं, सपोर्ट टीम आणि सायकल बंद न पडणं यांच्या हिशेबात चाकांचे वॅट खूप खाली येतात.

मग घ्यावीत का?

बाईंनी घेऊ नयेत. चांगले टायर घ्यावेत, हवा थोडी कमी ठेवावी, उरलेल्या पैशांत चार बीआरएमचा खर्च निघेल.

मुलाचं उत्तर क्रमाने आहे. आधी बसकण, मग टायर, मग अंगाला बसणारे कपडे आणि हेल्मेट. हे सगळं झाल्यावर, सपाट टाइम ट्रायल असेल आणि निवडीची रेषा खरोखर अर्ध्या मिनिटावर असेल, तर चाकांना अर्थ आहे. पण तेव्हाही विकत घ्यायची गरज नाही. शर्यत एक दिवसाची असते, एका दिवसासाठी चाकं क्लबमधून किंवा ओळखीतून मागून आणता येतात. कर्ज काढून तर मुळीच नको. 'कार्बनशिवाय सिलेक्शन होत नाही' हे वाक्य आकड्यांत बसत नाही. मुलाला टायर आणि बसकणीतून मिळून ४० वॅटच्या आसपास मिळतात, कार्बनमधून ८.

बघा, सुरुवातीचा प्रश्न कुठून कुठे आला: 'सपाट ४० किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये, ताशी ४० च्या वेगाला, तेच टायर ठेवून, उंच कार्बन चाकांमुळे लागणारी पॉवर किती कमी होते, आणि तेवढीच पॉवर दुसऱ्या उपायांनी वाचवायला किती खर्च येतो?' लांबलचक आहे, पण मोजता येतो. कोण, कुठे, किती, कशाच्या तुलनेत, कोणत्या एककात, सगळं त्यात आहे.

आता तुमच्या विषयातला एक 'चांगलं आहे का?' छापाचा प्रश्न घ्या आणि त्याला असंच उलगडून एका पानावर लिहा. शिवाय वरच्या हिशेबातला कोणताही एक 'समजा' बदलून बघा: चाकांचा फायदा ०.०१ ऐवजी ०.००५ केला तर, वजन ७६ ऐवजी ९० किलो केलं तर. कोणता आकडा बदलल्यावर निष्कर्ष डळमळतो आणि कोणता बदलूनही तसाच राहतो, हे कळलं की सेन्सिटिव्हिटी अॅनालिसिस तुम्हाला वेगळं शिकवावं लागणार नाही.